भाजीतले जीवनसत्त्व आणि बाटलीतले

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर कधीकधी मांसांकुर उगवतात. त्यांना पॉलिप म्हणतात. त्यांतील काहींचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते, म्हणून डॉक्टर ते दुर्बिणीच्या साहाय्याने काढून टाकतात. पण पुष्कळांना ते पुन्हा होतात. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी हे टळेल का?

तर्क मोहक होता. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत हा कर्करोग कमी आढळे. भाज्या-फळांत बीटा-कॅरोटीन आणि ‘क’, ‘ई’ ही जीवनसत्त्वे असतात. मग तीच गोळीतून द्यावीत!

अमेरिकेत या तर्काची परीक्षा झाली. पॉलिप काढलेल्या ८६४ जणांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, चार गट पाडले. एकाला बीटा-कॅरोटीन, दुसऱ्याला ‘क’ व ‘ई’, तिसऱ्याला तिन्ही, तर चौथ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. चार वर्षांनंतरचा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला: गोळ्यांचा उपयोग दिसला नाही.

या प्रयोगाला मर्यादा आहेत. कर्करोग सावकाश वाढतो; त्यासाठी चार वर्षे थोडी. शिवाय पॉलिप म्हणजे कर्करोग नव्हे. तरीही गटांची वाटणी चिठ्ठीने झाल्याने आम्ही हा पुरावा नुसत्या निरीक्षणापेक्षा वजनदार मानतो. भाजी खाणारा माणूस कदाचित धूम्रपान कमी करतो, व्यायाम जास्त करतो. श्रेय भाजीतल्या एकाच द्रव्याला कसे द्यायचे?

‘फायदा नाही, पण तोटा तरी काय?’ हा युक्तिवादही टिकत नाही. याच प्रयोगाच्या २००३ सालच्या फेरतपासणीत, धूम्रपान आणि रोज एका पेल्याहून अधिक मद्यपान करणाऱ्यांत बीटा-कॅरोटीनमुळे पॉलिप परतण्याचा धोका सुमारे दुप्पट दिसला. दोन्ही न करणाऱ्यांत तो घटला होता. असे उपगटांचे निष्कर्ष सावधपणेच घ्यावेत. फॉलिक आम्लाच्या २००७ सालच्या प्रयोगात १०२१ जण होते. तिथेही लाभ झाला नाही. उलट पुढील टप्प्यात तीन किंवा अधिक पॉलिप असणारे गोळी घेणाऱ्यांत जास्त निघाले.

‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही होतो, हे आपण वर्गात शिकवतो. अभाव भरून काढल्याने रोग बरा होतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. अभाव नसताना जास्त घेतल्याने दुसरा रोग टळतो, हे नव्हे. हा फरक विद्यार्थ्यांना समजला पाहिजे. कारण गोळीच्या भरवशावर कुणी दुर्बिणीची तपासणी चुकवली, तर त्याची किंमत बाटलीच्या किमतीहून फार मोठी असेल.