रोजकीर्द आणि खतावणी : शाळेच्या ब्लॉगविषयी

सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडील एका जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर, सुविचाराच्या फळ्याशेजारी, शाळेच्या ब्लॉगचा पत्ता तैलरंगात लिहिलेला आहे. नाशिकहून आम्ही तेथे गेलो ते पावसाच्या नोंदी पाहायला. या शाळेतील मुलांनी एका गुरुजींच्या देखरेखीखाली सलग चार पावसाळे पर्जन्यमापक वाचला होता. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस सिन्नरला पोचेपर्यंत किती ओसरतो, हे शिकवायला याहून चांगले साधन शोधून सापडणार नाही. "सगळे ब्लॉगवर आहे, सर," असे आम्हांला सांगण्यात आले. होतेही. पण कसे? प्रभातफेरीची छायाचित्रे, त्याखाली एका दिवसाचा पाऊस, त्याखाली पाठ्यपुस्तकांचे वाटप, मग पालकसभा, मग पुन्हा दोन दिवसांचा पाऊस. एका पावसाळ्याची बेरीज करायला आमची अख्खी दुपार गेली.

दोष कोणाचा? गुरुजींचा नाही, एवढे आधीच सांगून टाकतो. चार वर्षे न कंटाळता नोंदी ठेवणाऱ्या माणसाला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. मुलांचाही नाही. दोष शोधायचा तर तो ज्या साच्यात या नोंदी ओतल्या गेल्या, त्या साच्यात शोधावा लागेल.

जुन्या पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराकडे दोन वह्या असत. रोजकीर्दीत दिवसभराचा व्यवहार घडेल त्या क्रमाने लिहायचा आणि नंतर तोच खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. आज काय घडले हे रोजकीर्द सांगते. अमक्याकडून किती येणे आहे हे खतावणी सांगते. ब्लॉग ही जन्मतः रोजकीर्द आहे. 'वेबलॉग' हा शब्द १९९७ साली वापरात आला, आणि त्यातील 'लॉग' म्हणजे जहाजावरची रोजची नोंदवही. १९९९ च्या ऑगस्टमध्ये पायरा लॅब्ज या छोट्या अमेरिकन कंपनीने 'ब्लॉगर' ही सेवा सुरू केली आणि एचटीएमएलचे एक अक्षर न शिकता कोणालाही इंटरनेटवर लिहिता येऊ लागले. फेब्रुवारी २००३ मध्ये ती कंपनी गूगलने घेतली. त्याच वर्षी २७ मे रोजी 'वर्डप्रेस' ही मुक्त आज्ञावली प्रसिद्ध झाली. दोन्हींची मांडणी एकच : शेवटी लिहिलेले सर्वांत वर, जुने खाली खाली सरकणारे.

मग अशा रोजकीर्दीवर संपूर्ण संकेतस्थळ कसे उभारता येते? येथे थोडे आत डोकावले पाहिजे. आपण ब्लॉगवर लिहितो तेव्हा मजकूर एका कोठारात जातो आणि त्याचे दिसणे, म्हणजे रंग, मथळे, चौकटी, वेगळ्या साच्यात ठेवलेले असते. वाचकाने पान मागितले की आज्ञावली मजकूर साच्यात बसवून पुढे करते. मजकूर एकीकडे आणि वेष दुसरीकडे, ही फारकत हाच 'कंटेन्ट मॅनेजमेंट सिस्टिम' या भारदस्त नावाचा गाभा आहे, आणि ती ब्लॉगच्या आज्ञावलीत आयतीच होती. उणीव होती ती तारखेच्या बाहेर राहणाऱ्या पानांची. वर्डप्रेसने २००५ सालच्या १.५ या आवृत्तीत अशी पाने दिली, ब्लॉगरने २०१० मध्ये. गंमत अशी, की वर्डप्रेसच्या कोठारात ही पाने वेगळी ठेवलेलीच नाहीत. नोंद आणि पान एकाच तक्त्यात असतात, त्या तक्त्याचे नावही 'पोस्ट्स' असेच आहे, आणि एका रकान्यातील एका शब्दावरून ही नोंद की पान हे ठरते. पान म्हणजे रांगेतून बाहेर काढलेली नोंदच.

म्हणून 'ब्लॉगवर संकेतस्थळ बांधणे हा अडाणीपणा आहे' असे कोणी म्हटले तर आम्ही मान्य करणार नाही. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्याच्या नोंदी आज ज्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात ते वर्डप्रेसवरच उभे आहे. नव्या नोंदींच्या माथ्यावर प्रकाशनाची तारीख दिसते, ती या आज्ञावलीच्या मूळ स्वभावाची खूण. अकारविल्हे रचलेला कोश जर रोजकीर्दीच्या वहीत बसू शकतो, तर शाळा का बसू नये?

आपल्याकडे शाळांचे ब्लॉग आले ते प्रामुख्याने २०१५ नंतर. त्या वर्षीच्या २२ जूनच्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला, 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द रूढ झाला आणि गावोगावच्या शिक्षकांनी ब्लॉगर हाती घेतले. ते फुकट होते, मराठीत लिहिता येत होते, मोबाइलवर चालत होते. या उत्साहाचे आम्हांला कौतुकच आहे. परंतु त्यांतील पुष्कळ ब्लॉग उघडले की शासन निर्णयांच्या प्रती, इतरांच्या चाचण्या आणि चित्रफितींचे दुवे यांचीच दाटी दिसते. शाळेचे स्वतःचे असे काही शोधावे लागते. सिन्नरच्या या शाळेकडे स्वतःचे काहीतरी होते, म्हणून तर चुटपुट लागली.

आता पावसाकडे येऊ. हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचतात आणि मागील २४ तासांचा पाऊस वाचनाच्या तारखेवर मांडतात. ११ तारखेच्या संध्याकाळी पडलेला पाऊस १२ तारखेच्या खाती जातो. ब्लॉगवर मात्र नोंदीच्या माथ्यावर ती प्रसिद्ध झाल्याची तारीख आपोआप छापली जाते. गुरुजी कधी त्याच दिवशी लिहीत, कधी तालुक्याला बैठक असली की तिसऱ्या दिवशी. मजकुरात नुसते 'आजचा पाऊस'. आज म्हणजे कोणता? काही ठिकाणी आम्ही मुलांच्या कागदी वहीशी ताडून पाहिले तेव्हा दोन-दोन दिवसांचा फरक निघाला. दुसरे असे की, ब्लॉगरमध्ये नोंद दुरुस्त केली तर आधीचा मजकूर पुसला जातो. त्याची खूण राहत नाही. वर्डप्रेस २००८ पासून जुन्या प्रती जपून ठेवते. निरीक्षणाच्या वहीत चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नये, त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहावा, असे आपण मुलांना बजावतो. ब्लॉगर हे खोडरबर आहे, हे त्यावर प्रयोगाच्या नोंदी ठेवणाऱ्याने ध्यानात ठेवले पाहिजे.

आम्ही तेथील नव्या शिक्षिकांबरोबर बसून एक साधी फेररचना केली. 'आमचा पाऊस' नावाचे एक स्थिर पान काढले. त्यात वर्षवार तक्ते : वाचनाची तारीख, मिलिमीटर, वाचणाऱ्याचे नाव, शेरा. रोजच्या बातम्या पूर्ववत नोंदी म्हणूनच राहिल्या, कारण पहिला पाऊस आला तेव्हा मुले कशी नाचली हे सांगायला तक्ता उपयोगाचा नाही. प्रत्येक जुन्या नोंदीला एक लेबल लावले. लेबल म्हणजे खतावणीतले खाते, ही उपमा शिक्षिकांनीच सुचवली. त्यांचे वडील दुकान चालवीत. मात्र लेबलांचाही अतिरेक होतो. एका ब्लॉगवर 'पाऊस', 'पाउस', 'वर्षा' आणि 'पर्जन्य' अशी चार खाती आम्ही पाहिली आहेत.

पत्त्यांची कथा याहून विचित्र आहे. ब्लॉगरवर नोंदीचे शीर्षक देवनागरीत दिले, तर त्यातील अक्षरे पत्त्यात घेतली जात नाहीत. पत्ता नुसता 'ब्लॉग-पोस्ट' असा होतो आणि पुढच्या नोंदींना त्यालाच आकडे जोडले जातात. वर्डप्रेस देवनागरी स्वीकारते, पण निराळ्याच किमतीला. युनिकोडच्या प्रचलित लेखनपद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन खुणांनी लिहावा लागतो. 'पर्जन्यमापक' या शब्दात काना आणि हलन्त धरून ११ चिन्हे आहेत; त्याच्या खुणा होतात ९९. वर्डप्रेसच्या कोठारात पत्त्याच्या या भागाला २०० खुणांची जागा आहे, म्हणजे जेमतेम २२ चिन्हे. लांब मराठी शीर्षकाचा पत्ता मध्येच तुटतो तो यामुळे. (आठवी-नववीच्या मुलांकडून हे गणित करवून घ्यावे, त्यांना मजा येते.) विश्वकोशाच्या नोंदींचे पत्ते नुसते क्रमांकाचे आहेत. शाळेने ब्लॉगरवर नोंद प्रसिद्ध करण्यापूर्वीच रोमन अक्षरांत छोटा पत्ता आपल्या हाताने द्यावा, हे बरे.

आणि भिंतीवरचा पत्ता? तो उघडलाच नाही. आम्हांला ब्लॉग दाखवला तो मोबाइलवर साठवलेल्या दुव्यावरून. २०१२ च्या सुरुवातीस गूगलने भारतातील वाचकांना ब्लॉगस्पॉटच्या 'डॉट कॉम'ऐवजी 'डॉट इन' पत्त्याकडे वळवायला सुरुवात केली. पडद्यावर जे दिसले ते लोकांनी भिंतींवर आणि अहवालांत उतरवले. पुढे हे वळवणे बंद झाले आणि २०२० साली त्या 'डॉट इन' नावाची नोंदणीच गूगलच्या हातून निसटून दुसऱ्याकडे गेली. मजकूर 'डॉट कॉम'वर सुखरूप होता, पण रंगवलेले पत्ते एका रात्रीत निकामी झाले.

मग ब्लॉगर सोडून वर्डप्रेस घ्यावे काय? नाशिकमध्ये वर्डप्रेसवर काम करणारी मंडळी आहेत, २०१६ साली त्यांचा 'वर्डकॅम्प' हा मेळावाही येथे भरला होता. तरीही दोनशिक्षकी शाळेला आम्ही ते सुचवणार नाही. स्वतःच्या जागेवर वर्डप्रेस ठेवायचे तर दरवर्षी पैसे भरावे लागतात आणि आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करावी लागते. दुर्लक्षित वर्डप्रेसमध्ये चोर शिरतात आणि शाळेच्या पानावर भलत्याच जाहिराती झळकतात. ब्लॉगरचा तोकडेपणा येथे सोयीचा आहे. फक्त वर्षातून दोनदा ब्लॉगची एक्सएमएल प्रत उतरवून घ्यावी, आणि त्या प्रतीत छायाचित्रे नसतात, केवळ त्यांचे दुवे असतात, हे जाणून ती निराळी साठवावीत.

खरी अडचण आज्ञावलीत नव्हतीच. गुरुजींची आदल्या वर्षी बदली झाली होती. ब्लॉग त्यांच्या खासगी खात्यावर काढलेला, त्यामुळे शाळेत कोणालाही त्यात लिहिता येईना. शिक्षिकांनी नाइलाजाने शाळेच्याच नावाने दुसरा ब्लॉग काढला, आणि पाचव्या पावसाळ्याच्या नोंदी तिकडे गेल्या. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रके, साहित्य नोंदवही हे सारे पदभार देताना यादी करून, सही घेऊन सोपवले जाते. पर्जन्यमापकही त्या यादीत होता. चार वर्षांचा पाऊस नव्हता. गुरुजींना दूरध्वनी केला तेव्हा त्यांनाच वाईट वाटले; कोणी मागितलेच नाही, असे ते म्हणाले. ब्लॉगरमध्ये एकाहून अधिक प्रशासक नेमता येतात. शाळेच्या नावाने खाते काढून त्यांनी त्याला प्रशासक केले, याला दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत. दुसऱ्या ब्लॉगवरील नोंदी आता मुले पहिल्याच्या तक्त्यात उतरवीत आहेत, वाचनाच्या तारखेनिशी.

मुख्याध्यापिकांनी ब्लॉगचे नाव आणि खात्याचा पत्ता पदभाराच्या यादीत लिहून घेतला. संकेतशब्द बंद पाकिटात कपाटात ठेवला आहे. भिंतीवर अजून 'डॉट इन'च आहे. दिवाळीच्या सुट्टीत रंगवून घेऊ, असे त्या म्हणाल्या. ओल्या भिंतीवर तैलरंग धरत नाही.