नाव हेच चित्र

स्टीम या संगणकीय खेळांच्या दुकानात 2024 या एका वर्षात 18 हजारांहून अधिक नवे गेम दाखल झाले. दिवसाला जवळजवळ पन्नास. त्यांतले बहुसंख्य एकट्यादुकट्या निर्मात्याचे किंवा चार-पाच जणांच्या चमूचे, म्हणजे ज्यांना आपण इंडी गेम म्हणतो ते. या गर्दीत ग्राहकाची गेमशी पहिली गाठ पडते ती मुखचित्रातून. स्टीमच्या भाषेत त्याला ‘कॅप्सूल’ म्हणतात आणि एकाच गेमसाठी ते निरनिराळ्या मापांत द्यावे लागते. गेम विकत घेतल्यावर संग्रहात दिसणारे उभे चित्र 600 बाय 900 पिक्सेलचे असते, म्हणजे 5,40,000 ठिपक्यांचे. शोधयादीसाठीचे आडवे चित्र आक्रसत आक्रसत 120 बाय 45 पिक्सेलपर्यंत येते. हे ठिपके होतात 5,400, बरोबर शंभरावा भाग. चित्रकार आपला जीव ओततो तो मोठ्या चित्रात. अनोळखी माणसाची नजर पडते ती बहुतेक वेळा या शंभराव्या भागावर. गेल्या काही वर्षांत इंडी गेमच्या मुखचित्रांतले रंगकाम झपाट्याने सुधारले आहे, अक्षरकाम मात्र तिथेच अडकून पडले आहे. आणि छोट्या मापात तर अक्षर हेच चित्र असते.

रंगकाम सुधारण्याचे कारण उघड आहे. गेमच्या विक्रीविषयी सल्ला देणारी मंडळी वर्षानुवर्षे सांगत आली आहेत की मुखचित्र स्वतः करू नका, व्यावसायिक चित्रकाराकडून करून घ्या. सल्ला चांगलाच होता. त्यामुळे खेळातलाच एखादा स्क्रीनशॉट कापून त्यावर संगणकातला तयार फॉन्ट चिकटवण्याचे दिवस बरेचसे संपले. पण त्या जागी आलेल्या चित्रांवरून नजर फिरवली की एक साचा दिसू लागतो: पुढे रोखून पाहणारा नायक किंवा नायिका, पाठीमागून येणारा नारिंगी-जांभळा उजेड, हवेत उडणाऱ्या ठिणग्या, दूरवर एखादा किल्ला किंवा राक्षस. प्रत्येक चित्र सुटे पाहिले तर देखणे. लहान झाले की चेहऱ्याचा ठिपका होतो, किल्ल्याचा डाग होतो आणि उरलेल्या जागेत दाटीवाटीने बसवलेले नाव वाचताच येत नाही. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या मार्गदर्शिकेत या लहान चित्राबद्दल स्पष्ट लिहिले आहे की सर्वांत छोट्या मापातही नाव वाचता आले पाहिजे आणि त्यासाठी बहुधा नावाने जवळजवळ सगळी चौकट व्यापावी लागते. सप्टेंबर 2022 पासून तर कंपनीने मुखचित्रावर पुरस्कारांची नावे, परीक्षणांतले गुण, सवलतीच्या घोषणा टाकायलाही बंदी केली. चित्र, गेमचे नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढेच आता चालते. म्हणजे दुकानानेच बाकीची गर्दी हटवून नावाला जागा मोकळी करून दिली. ती जागा बहुतेकांनी पुन्हा ठिणग्यांनी भरली.

या सवयीची मुळे गेम खोक्यांत विकले जात त्या काळात आहेत. 1977 साली अटारी कंपनीच्या ‘कॉम्बॅट’ या गेमसाठी चित्रकार क्लिफ स्पॉन यांनी खोक्यावर रणगाडे आणि विमाने रंगवली, आत पडद्यावर होते काही ओबडधोबड चौकोन. त्या चित्राचे काम होते खेळणाऱ्याच्या कल्पनेला इंधन पुरवण्याचे, आणि ते त्याने चोख केले. खोके हातात घेऊन निरखता येत होते, मागे उलटून वाचता येत होते. खोक्याच्या कलेचा माझ्या मते सर्वांत सुंदर नमुना म्हणजे 2001 चा ‘इको’. दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी जपानी आवृत्तीचे मुखपृष्ठ स्वतः रंगवले, इटालियन चित्रकार जॉर्जो द किरिको यांच्या छायेत: उंच कमानी, लांबच लांब सावल्या, रिकामे अंगण आणि त्यात हात धरून धावणारी दोन इवलीशी मुले. युरोपातही तेच चित्र गेले. अमेरिकेत मात्र वेगळे मुखपृष्ठ दिले गेले आणि त्याबद्दल रसिक आजही हळहळतात. पण उएदांचे हेच चित्र 120 बाय 45 च्या चौकटीत घालून पाहा. मुले नाहीशी होतात, एकांताचा तो सारा अर्थ त्यांच्याबरोबर जातो, मागे राहतो एक पिवळसर पट्टा. चित्राचा यात काही दोष नाही. खोक्याचे मुखपृष्ठ आणि यादीतले मुखचित्र या दोन वेगळ्या कला आहेत, आणि आपण अजून दुसरीला पहिलीचे नियम लावतो आहोत.

दुसरीचे नियम कोणते, हे यशस्वी चित्रेच दाखवतात. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीच्या ‘हॉलो नाइट’मध्ये (2017) नायकाचे तोंड म्हणजे पांढरा मुखवटा, वर दोन शिंगे, खाली डोळ्यांची दोन काळी भोके. हा आकार शाळकरी मुलगाही तीन-चार रेघांत काढू शकेल. म्हणूनच तो कितीही लहान केला तरी तुटत नाही, स्वतःच एक अक्षर होऊन बसतो. ‘बालात्रो’ (2024) आणखी पुढे जातो. लाल-निळ्या रंगांचा घुसळलेला भोवरा, त्यावर पिक्सेलची ठसठशीत पांढरी अक्षरे आणि त्यांच्या जोडीला पत्त्याचे पान. ना कुणी नायक, ना कुठला देखावा. शिवाय तो भोवरा खेळातही पत्त्यांच्या मागे सतत फिरत असतो, म्हणजे मुखचित्रात जे दिसते तेच आत मिळते. ‘सेलेस्ट’मध्ये (2018) हा दुवा अधिक नाजूक आहे. खेळातली नायिका मॅडलिन मूठभर पिक्सेलची, मुखचित्रातली रंगवलेली. पण दोघींचे केस लालभडक. खेळात ते केस नुसती सजावट नाहीत: हवेतली झेप शिल्लक असेल तर लाल, वापरून झाली की निळे. खेळाची सगळी गती ज्या खुणेवर चालते, तीच खूण मुखचित्राने उचलली. हा प्रामाणिकपणा व्यवहारातही लागतो, कारण आता मुखचित्राला लागूनच खेळाची दृश्ये दिसतात, आणि स्टीमवर 14 दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करून पैसे मागता येतात. अटारीच्या गिऱ्हाइकाला ही सोय नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा की मुखचित्राला इतके महत्त्व कशाला? ‘अमंग अस’ 2018 मध्ये आला आणि गाजला 2020 मध्ये, तोही इतरांना खेळताना पाहणाऱ्या प्रेक्षकांमुळे. खरे आहे; मुखचित्र गर्दी खेचून आणत नाही. आलेल्या माणसाला ‘हाच तो’ हे ओळखू देणे, एवढेच त्याचे काम. आणि ‘अमंग अस’चा तो शेंगेसारखा, एकच काच असलेला अंतराळवीर पाहा: ओळख पटवायला याहून सोपा आकार सापडणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नुसत्या नावावरून खेळ भयाचा, शेतीचा की कोड्यांचा हे कसे कळणार? त्यासाठी पात्र, प्रसंग, वातावरण हवेच ना? या प्रश्नाचे उत्तर मराठी वाचकाच्या घरात वर्तमानपत्रातून येत राहिले आहे. नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी दशकानुदशके नाटकांची नावे रेखाटली. छोट्याशा जागेत, काळ्या शाईत, अनेकदा चित्राची मदत न घेता. तरी ते नाव पाहून नाटक गंभीर आहे, रहस्याचे आहे की फार्स आहे, हे तिकीट काढण्याआधी कळे. अक्षराचा कोन, जाडी, टोके, एका वेलांटीचा झोक यांतून नाटकाचा स्वभाव उतरे. ‘स्टारड्यू व्हॅली’ची (2016) जाड, गबदूल अक्षरे तेच करतात: शेती आणि निवांतपणा कुणाला वेगळे सांगावे लागत नाहीत. तो गेम एरिक बॅरोन यांनी एकट्याने केला, चित्रांपासून संगीतापर्यंत. त्यामुळे मोठ्या चित्रकाराला द्यायला पैसे नाहीत ही इंडी निर्मात्याची अडचण खरी असली, तरी तिथे वाट संपत नाही. आता यंत्राकडून गुळगुळीत चित्र मिनिटभरात काढून मिळते, तेव्हा नुसत्या देखणेपणाने कुणी उठून दिसण्याची शक्यता आणखी कमी झाली आहे.

आपल्याकडच्या निर्मात्यांसाठी हा विषय लांबचा राहिलेला नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ जगभर नेला. रोमनमध्ये ‘राजी’ची चारच अक्षरे होतात, ती चौकट भरून लिहिता येतात, उपशीर्षकाला मात्र सर्वांत लहान मापात जागा उरत नाही. उद्या कुणी मराठी गेमचे नाव देवनागरीत लिहील, तेव्हा गणित बदलेल. रोमनची मोठी अक्षरे एका पट्ट्यात मावतात. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, अशा तीन मजल्यांची सोय करावी लागते, आणि 45 पिक्सेलच्या उंचीत प्रत्येक मजला बुटका होतो. पण शिरोरेषा सगळ्या शब्दाला एकसंध आकार देते. हा फायदा रोमनला नाही आणि गेमच्या मुखचित्रांत तो पुरता वापरलेला फारसा दिसत नाही. गेम करणाऱ्या मराठी मुलामुलींना एवढेच सांगणे आहे: चित्रकाराला काम सोपवण्याआधी आपल्या गेमचे नाव एखाद्या अक्षरकाराकडून काळ्या-पांढऱ्यात लिहून घ्या, ते 120 बाय 45 पिक्सेलच्या चौकटीत बसवा आणि गेमबद्दल काहीही ठाऊक नसलेल्या माणसाला वाचायला द्या. त्याला ते वाचता आले आणि गेम कसा असेल याचा अंदाज बांधता आला, की मगच रंग मागवा.