जातें, गिरणी आणि ओवी

यंत्रानें आमच्या घरांतून काय नेलें आणि घरांत काय आणलें, या प्रश्नाची चर्चा मराठींत बहुधा दोनच सुरांत होते. एक सूर सुधारकाचा. त्याला पिठाच्या गिरणींत केवळ मुक्तीच दिसते. दुसरा रसिकाचा, त्याला पहाटेचें जातें आठवतें आणि त्याचा कंठ दाटून येतो. दोघांचेंहि म्हणणें कांहीं अंशीं खरें आहे, परंतु बहुतेक वेळां दोघांपैकीं एकानेंहि खुंट्याला हात लावलेला नसतो. जात्यावरील ओव्यांचे जे संग्रह आज आपणांपुढें आहेत, ते ही गोष्ट ध्यानांत ठेवून पुन्हां वाचावयास हवेत. कारण एका साध्या यंत्रानें संपूर्ण काव्यप्रकार निराधार केल्याचें इतकें ढळढळीत उदाहरण आपल्या वाङ्मयांत क्वचितच सांपडेल.

ओवीचें वय सर्वांस ठाऊक आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे १२९० मध्यें ज्ञानेश्वरीनें ओवीला ग्रंथांत मानाचें आसन दिलें, त्याच्याहि दीडशें वर्षें आधीं ती उखळापाशीं बसलेली होती. पुढें तिच्या दोन शाखा झाल्या. एक पोथींत गेली आणि कागदाच्या आधारानें टिकली. दुसरीला आधार होता तो दगडाचा.

हा आधार म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. दोघी जणी समोरासमोर बसत. एका हातानें खुंटा ओढावयाचा, दुसऱ्या हातानें मूठमूठ वैरण जात्याच्या तोंडांत घालावयाची. पाळ जड, म्हणून श्वास आंखूड. आणि ओळहि त्या श्वासाएवढीच. एकीनें ओळ म्हणावी, दुसरीनें ती उचलावी, तेवढ्यांत पहिलीला पुढची सुचावी. छापील ओवींत जी पुनरुक्ति वाचकाला कंटाळवाणी वाटते, ती मुळांत विचार करण्यासाठीं मिळालेली उसंत आहे. दगड बोथट झाला कीं त्याला टांकी लावून घ्यावी लागे. आणि घरांत खाणारीं तोंडें अधिक असलीं कीं पहाट अधिकच लवकर उजाडे. आजारीपण, गरोदरपण, आदल्या रात्रींची जागरणें, यांपैकीं कशासाठींहि पीठ थांबत नसे.

तेव्हां गिरणी आली हें चांगलेंच झालें, असें आम्ही कोणताहि आडपडदा न ठेवतां म्हणतों. ज्या काव्यासाठीं दुसऱ्याच्या खांद्यांनीं झिजावें लागतें, त्या काव्याचा अस्त झाला म्हणून अश्रु ढाळण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला नाहीं. मात्र सुधारकाच्या जमाखर्चांतहि एक रक्कम लिहावयाची राहून जाते. 'दळणकांडण करून मुलें वाढविलीं' हें वाक्य आपल्या किती तरी चरित्रांत आढळतें. गिरणीनें त्या निराधार बाईचे कष्ट वांचविले, आणि त्याबरोबर तिची मिळकतहि नेली.

याहून सूक्ष्म हानि निराळीच आहे. 'जात्यावर बसलें कीं ओवी सुचते' ही म्हण आपण दगडाची स्तुति म्हणून वापरतों. ओवी सुचण्याचें कारण केवळ दगड नव्हे. बाहेर अंधार, पुरुष निजलेले, जात्याची घरघर शब्दांवर पांघरूण घालणारी. अशा वेळीं सुनेला सासरविषयीं जें दिवसां बोलतां येत नसे तें गातां येई. काम चालू असल्यामुळें तिला 'गप्प बस' म्हणण्याची सोय नव्हती. कष्टांच्या पोटांत दडलेला हा एकांत गिरणीनें कष्टांबरोबरच नेला. वांचलेला वेळ तिच्या हातीं पडला, असेंहि झालें नाहीं. तो शेतांत, मजुरींत आणि पाण्याच्या खेपांत गेला. गिरणीपुढें डबे घेऊन बायका एकत्र येत हें खरें, परंतु इंजिनाच्या आवाजांत गाणें कसलें? आतां तर घरघंटी थेट स्वयंपाकघरांत येऊन बसली आहे. दळण घरीं परतलें. ओवी परतली नाहीं.

आतां संग्रहांकडे वळूं. साने गुरुजींचा 'स्त्रीजीवन' हा या क्षेत्रांतील मोठा ग्रंथ. १९४० च्या सुमारास, गिरण्या पसरूं लागल्या असतां, त्यांनीं ओव्या जमवून विषयवार लावल्या, त्यांवर भाष्य केलें; त्या श्रमांचें ऋण मराठी वाचक विसरणार नाहीं. तथापि भाष्याचा ओलावा इतका आहे कीं मुळांतील कडवटपणा त्यांत पुष्कळदां विरघळून जातो. बाई टोचून बोललेली असते आणि टीकाकार तिचे डोळे पुसूं लागतो. विषयवार मांडणीचाहि असाच दोष आहे. भावावरच्या ओव्यांची रांग, मग आईवरच्या ओव्यांची रांग. अशी रांग लावून कोणीहि दळलेलें नाहीं. गातांना मन भावावरून पंढरीला जाई, पंढरीवरून पोरीच्या लग्नाला, तेथून एकदम सासूकडे. हें भटकणें हाच त्या काव्याचा घाट होता. छापखान्याला तो पेलला नाहीं.

नंतरच्या काळांत पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातवां यांनीं हजाराहून अधिक गांवांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पैकीं कित्येकांचें ध्वनिमुद्रण झालें, आणि आज त्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर भाषांतरासह वाचावयास व ऐकावयास मिळतात. ज्या जातीच्या साधनानें ओवीचा आधार काढला, त्याच जातीच्या दुसऱ्या साधनानें तिचा आवाज तरी राखला. आवाजाबरोबर एक भ्रमहि दूर झाला. ओवी म्हणजे कांहीं तरी पुरातन, सोंवळें, माहेरच्या अंगणापुरतें, ही समजूत आपल्या रसिकांनीं जिवापाड जपलेली आहे. बीड जिल्ह्यांतील माजलगांव येथें १९९६ मध्यें मुद्रित केलेल्या ओव्यांत बाया डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना गातात, आणि तें गाणें आपल्याच घरच्या माणसाविषयीं असावें तसें आहे. विसाव्या शतकाच्या राजकारणाला जो काव्यप्रकार इतक्या सहजपणें पोटांत घेतो, तो म्हातारा होऊन मेला असें म्हणतां येणार नाहीं. तो चालत असतां थांबविला गेला.

या नव्या भांडारालाहि जुनीच खोड आहे, ती म्हणजे वर्गवारीची. लाखांचा साठा हाताळावयाचा तर वर्ग व क्रमांक लागणारच, हें मान्य. परंतु यंत्राच्या भांडारावर छापखान्यासारखी जागेची बेडी नाहीं. तेथें तीच ओवी विषयाच्या खणांत आणि बैठकीच्या क्रमांत, अशी दोन्हीकडे ठेवतां येते. म्हणून आमची मागणी एवढीच कीं एका गांवीं, एका बैठकींत, दोघी जणींनीं ज्या क्रमानें ओव्या म्हटल्या त्याच क्रमानें, मधल्या अडखळण्यासकट, त्या एकदां आमच्यापुढें ठेवाव्यात. त्यांतील अर्ध्या ओव्या सामान्य निघाल्या तरी चालेल.