सल्ल्याचे बळ : मुंबईच्या वारसा समितीविषयी
राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना १९५८ च्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण लाभले. परंतु मुंबईतील राहत्या-वापरत्या वास्तूंसाठी १९९५ मध्ये स्वतंत्र वारसा नियमावली करावी लागली. तिच्यातूनच मुंबई वारसा जतन समितीला अधिष्ठान मिळाले.

समितीची नेमणूक राज्य शासन करते; तिची भूमिका मात्र सल्लागाराची. अपवादात्मक प्रसंगी, कारणे लेखी नोंदवून, शिफारस डावलण्याची मुभा १९९५ च्या नियमावलीने महापालिका आयुक्तांना दिली. अंतिम निर्णय उत्तरदायी प्रशासनाकडे असावा, यात गैर काही नाही. आक्षेपाचा मुद्दा निराळा आहे. ज्या शासनाचे प्रकल्प समितीपुढे येऊ शकतात, तेच शासन सल्लागार निवडते. अशा रचनेत सल्ल्याचे स्वातंत्र्य केवळ सदस्यांच्या सचोटीवर विसंबून राहते.

यास्तव सदस्यनिवडीचे निकष जाहीर असावेत आणि शिफारस डावलण्याची कारणे परवानगीपूर्वीच प्रसिद्ध व्हावीत, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. कारणे केवळ नस्तीत राहिली, तर त्यांची चिकित्सा कोण करणार? इतर प्रशासकीय निर्णय पुढे फिरविता येतात. पाडलेली वास्तू परत येत नाही.