नाव उरले, राजधानी गेली

नागपूर ही भोसल्यांची राजधानी. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये त्याच शहराभोवती इंग्रजांनी मध्य प्रांत उभा केला. १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडले गेले. २६ जानेवारी १९५० रोजी या प्रांताचे ‘मध्य प्रदेश’ झाले. राजधानी नागपूर, मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल, राजभाषा हिंदी आणि मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे राज्य मोडले. आयुष्य जेमतेम पावणेसात वर्षांचे.

या राज्याविषयीचे लेखन वाचताना एक उणीव जाणवते. मराठी लेखक १९५३ च्या नागपूर कराराकडे आणि फाजल अली आयोगाकडे इतक्या घाईने वळतात, की हे राज्य वाटेतले स्टेशन ठरते. हिंदी लेखनात राज्याचा जन्मच बहुधा १९५६ चा. दोघांच्याही लेखी ती नुसती प्रस्तावना!

बालाघाटच्या वाचकाला हे कसे पुरावे? विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. शेजारचा भंडारा गेला, आपण राहिलो. राज्याचे नाव आपल्याकडे उरले, राजधानी गेली. नागपूरचे उच्च न्यायालयही कायद्याने नव्या मध्य प्रदेशाचेच मानले गेले आणि जबलपूरला बसले.

आपले स्वतःचे लेखनही निर्दोष नाही. त्यात हळहळ फार, चिकित्सा थोडी. जुन्या राज्यात सारे आलबेल होते, तर वेगळ्या विदर्भाचा ठराव १९३८ मध्येच नागपूरच्या विधिमंडळात का झाला? आणि १९५५ मध्ये आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस का केली? ही असमाधानाची बाजू वगळून लिहिलेला इतिहास म्हणजे निव्वळ आठवणींचा फराळ.

खरा विषय वेगळाच आहे. एका सरकारने दोन भाषांत कारभार कसा चालवला? नागपुरात डॉ. रघुवीर दोन्ही भाषांना चालतील असे संस्कृतनिष्ठ शासकीय शब्द घडवीत होते. त्या शब्दांची थट्टा पुष्कळ झाली, पण त्यामागचा प्रश्न थट्टेचा नव्हता. शाळेत हिंदी आणि घरात मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलांपुढे तो आजही उभा आहे.

त्याचे उत्तर पुण्याहून किंवा भोपाळहून येणार नाही. आजोबांच्या पेटीतली खरेदीखते, दाखले, सरकारी पत्रे एकदा बाहेर काढून वाचावीत. आपला इतिहास तिथून लिहायला हवा.