दक्षिणेसाठी निघाला आणि बंडात सापडला

विष्णुभट गोडसे वरसईकरांचे ‘माझा प्रवास’ आपल्याकडे बहुतेकांनी पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यापुरतेच वाचलेले असते. काल्पीच्या वाटेवरची विहीर, पुरुषवेषातली, धुळीने माखलेली झाशीची राणी, पाणी शेंदून देऊ म्हणणारा भटजी आणि ‘तुम्ही विद्वान ब्राह्मण, मीच ओढून घेते’ अशा अर्थाचे राणीचे उत्तर. प्रसंग हृद्य आहे, यात शंका नाही. पण तेवढ्यावर पुस्तक वाचले असे मानणे म्हणजे गाभाऱ्यातल्या मूर्तीचे दर्शन घेऊन सभामंडप न पाहताच परतणे होय.

हे पुस्तक मुळात राणीचे नाही. ते परमुलखात अडकलेल्या एका वाटसरूचे आहे. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक घराणे कर्जात बुडालेले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार, दक्षिणा मोठी मिळणार, अशी वार्ता आली आणि तिशीच्या आतबाहेरचे विष्णुभट चुलत्यांबरोबर १८५७ च्या आरंभी उत्तरेकडे निघाले. महूच्या आसपास शिपायांकडूनच त्यांना पुढे काय होणार याची कुणकुण लागली होती. तरीही ते मागे फिरले नाहीत. टीकाकारांनी या जागेकडे फारसे लक्ष दिलेले नाही. गोडसे स्वतः दैवावर भार टाकतात. वाचकाला मात्र दिसते ते डोक्यावरचे कर्ज. रिकाम्या हाताने घरी जाण्याची लाज बंडाच्या भीतीपेक्षा मोठी ठरली.

पुढे ह्यू रोजने झाशीला वेढा घातला, तेव्हा ते शहरातच होते. १८५८ च्या एप्रिलात इंग्रज फौज आत शिरल्यावरची लूट आणि कत्तल त्यांनी लपलेल्या माणसाच्या नजरेने टिपली आहे. आधी सोने-रुपे जाते, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कापडचोपड, शेवटी धान्य. हा क्रम इतिहासकाराला सुचला नसता. तो सुचतो ज्याच्या कनवटीला चार पैसे आहेत आणि जो प्रत्येक पावलाच्या आवाजाला ते चाचपतो त्याला. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची नासाडी झाली, त्याबद्दलची त्यांची हळहळ मात्र वेगळी. तिथे पोट बोलत नाही, पोथीवर वाढलेला माणूस बोलतो.

दोष आहेतच. बंडाची कारणे सांगताना ते बाजारगप्पा आणि डोळ्यांनी पाहिलेले एकाच ताटात वाढतात. त्यात हे लेखन बंडानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवणीवरून झालेले. पण ऐकीव आणि पाहिलेले यांतला फरक त्यांच्या वाक्यातच कळतो. ऐकीव भागात पल्ला मोठा आणि भाषा पुराणिकाची. पाहिलेल्या भागात तहान, धूर, गल्ली, भिंत. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी पुस्तक छापताना त्यावर बराच हात फिरवला. मूळ बाडावरून ते १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी आणले. वैद्यांचे उपकार मोठे, पण वाचायची ती पोतदारांची प्रत. ही मराठी आपल्या पेडण्या-डिचोलीच्या वाचकाला जड जाऊ नये. घरी कोकणी आणि देवळात, कीर्तनात, दशावतारात मराठी, असे ज्याचे कान घडले त्याला हा सांगण्याचा सूर ओळखीचाच वाटेल.

हे पुन्हा वाचायला निमित्त झाले ते मोप्याचे. २०२३ च्या जानेवारीपासून इथल्या पठारावरून विमाने उडू लागली. ज्या वाडीतून पत्रादेवीची हद्द ओलांडणे हाच एके काळी प्रवास होता, तिथली पोरे आता तिकीट काढून कुठेही जातात. १९५५ च्या १५ ऑगस्टला याच पत्रादेवीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली. २०२५ च्या सप्टेंबरात नेपाळात तरुणांचा उठाव झाला, सरकार पडले, काठमांडूचा विमानतळ बंद झाला आणि भारतातून गेलेले पर्यटक हॉटेलांत कोंडले गेले. त्यांत मराठी कुटुंबेही होती. परतल्यावर बहुतेकांनी सांगितले ते धुराचे आणि जाळपोळीचे. आपण मागे का फिरलो नाही, पैसे किती उरले होते, कोणाच्या दारात उभे राहिलो, हे सांगणारा अजून मला भेटलेला नाही. गोडसे ते सांगतात, आणि त्यात स्वतःला वीर करून घेत नाहीत. भ्यालो, लपलो, नागवला गेलो, असे लिहायला त्यांना कमीपणा वाटत नाही. आपल्या प्रवासवर्णनांत हा गुण दुर्मिळ आहे. तिथे लेखक सहसा हसतमुख आणि पोटभर जेवलेला असतो.

शेवटी ते काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईला पोचतात आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालतात. दक्षिणा वाटेत लुटली गेली होती. कर्ज तसेच होते.