किल्लारीची भिंत आणि पाच शास्त्रं

गेल्या वेळी आपण ज्ञानाच्या विभागणीविषयी बोललो. आज त्याच विचाराची परीक्षा घ्यायची आहे. हल्ली ‘आंतरविद्याशाखीय संशोधन’ हा शब्द विद्यापीठाच्या जवळपास प्रत्येक कागदावर दिसतो. आम्ही शिकवत होतो तेव्हाही दिसायचा, जरा कमी इतकंच. पाच विभागांची पाच माणसं एका व्यासपीठावर बसवायची, प्रत्येकानं आपापला निबंध वाचायचा, मग आभार आणि चहा. याला आम्ही सहकार्य म्हणत नाही, शेजार म्हणतो. या दोहोंत फरक काय, हे एका उदाहरणावर तपासू. उदाहरण लांबचं नाही, सोलापूरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतलं आहे.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून माणसं झोपली होती. पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं असताना किल्लारी परिसरात भूकंप झाला. इथं सोलापुरात आमच्या घरात फडताळातली भांडी वाजली, आम्ही सगळे रस्त्यावर आलो. दिवस वर आला तसं कळत गेलं की औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावंच्या गावं बसली आहेत. जवळपास आठ हजार माणसं गेली.

आता एक तुलना करू. जेमतेम साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला भूकंप झाला. वेळ तीच, पहाटेची. किल्लारीची मोजणी ६.२ च्या आसपास होती, नॉर्थरिजची ६.७. हे मोजमाप एका अंकानं वाढलं की ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. या हिशोबानं तिथं पाचपटीहून जास्त ऊर्जा सुटली. आणि मृत्यू? साठच्या आसपास. म्हणजे ‘भूकंपानं माणसं मारली’ हे वाक्य अपुरं आहे. मग कशानं मारली? इथं पाचही शास्त्रांना बोलवावं लागतं.

पहिलं भूशास्त्र. आपल्या पायाखालचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, थंड, हलायचं नाही, असं आम्हीही शाळेत शिकलो. देशाच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. पण या समजाला ११ डिसेंबर १९६७ लाच कोयनेनं धक्का दिला होता. त्यावर उत्तर मिळालं की कोयनेची गोष्ट वेगळी, तिथं धरणाचं पाणी आहे. कोयनेपुरतं ते उत्तर बरोबरच होतं. कोयनेचं क्षेत्र नकाशात वर गेलं आणि बाकीचं पठार होतं तिथंच राहिलं.

इम्रे लाकातोश नावाचा गणिताचा तत्त्वज्ञ होता. सिद्धान्ताला बाधक उदाहरण समोर आलं की विद्वान त्याला ‘राक्षस’ ठरवून वेशीबाहेर ठेवतात आणि सिद्धान्त शाबूत राखतात, ही खोड त्यानं दाखवून दिली. कोयनेचं तेच झालं. एका अपवादाचं कारण सापडलं म्हणजे नियम सिद्ध झाला, असं होत नाही. पुढं किल्लारीला भोक पाडलं तेव्हा सुमारे ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला आणि खाली त्याहून कितीतरी प्राचीन खडक लागला. जुने भंग त्या खोलीत होते, वरच्या काळ्या दगडाकडे पाहून ते दिसणार नव्हते. २००२ च्या सुधारित मानकात लातूरचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला. दुरुस्ती झाली, पण आठ हजार माणसांनंतर.

दुसरं भौतिकशास्त्र, तिसरं अभियांत्रिकी. या भागातलं जुनं घर आपण सगळ्यांनी पाहिलंय. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात त्याच्यासारखं घर नाही. पण पाऊस यायच्या आधी वर पांढरी माती टाकायची, गळलं की आणखी टाकायची. थर वाढत जातो. नऊ-दहा फुटी चौकोनी खोलीवर अर्धा मीटर माती धरली तर वजन सात टनांच्या आसपास भरतं. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे नववीच्या पोरालाही पाठ असतं. पण हे सूत्र घराच्या डोक्यावर नेऊन कुणी ठेवलं नाही. जमीन आडवी हलली की जितकं डोकं जड, तितका आडवा धक्का मोठा.

भिंतीचं आणखी एक गुपित. बाहेरून ती एक दिसते, आतून दोन असतात. बाहेरच्या बाजूला एक दगडी थर, आतल्या बाजूला दुसरा, मध्ये माती आणि चुरा. दोन्ही थरांना शिवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड नसेल तर हादऱ्यानं दोन्ही फुगतात आणि दोन दिशांना कोसळतात. भारतीय मानक सांगतं की असे दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडव्या अंतरात १.२ मीटरच्या आत हवेत. हे मानक कोणत्या सालचं? १९९३ चंच.

चौथं वैद्यक. जखमींना उमरगा, लातूर, सोलापूरच्या रुग्णालयांत आणलं गेलं. ढिगाऱ्याखाली स्नायू चेंगरले की त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंड निकामी होतं, हे १९४१ साली लंडनच्या बॉम्बवर्षावात बायवॉटर्स आणि बील यांनी नोंदवलं होतं. म्हणजे ज्ञान होतं, अर्धशतक जुनं. आणि मातीखाली गुदमरलेल्याला कोणतंच औषध पोचत नाही. इथं वैद्यकाचा खरा उपचार रुग्णालयात नसतो, छपरावर असतो. पण आपला मृत्यूचा दाखला ‘गुदमरून’ म्हणतो आणि थांबतो. ‘माळवदामुळे’ असा रकानाच नाही.

पाचवी कारागिरी. आमची मुख्य तक्रार इथं आहे. अहवालांत गवंडी येतो तो शिकवायचा माणूस म्हणून, विचारायचा माणूस म्हणून येत नाही. गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञानं ‘हे असं आहे याचं ज्ञान’ आणि ‘हे कसं करायचं याचं ज्ञान’ असा भेद केला. पहिल्याला आपण पदव्या देतो, दुसऱ्याला रोजंदारी.

पण थांबा, गवंड्याची आरतीही ओवाळायची नाही. आरपार दगड आपल्या जुन्या बांधकामात अनोळखी नाही. तो सुटत गेला, कारण लांब दगड घडवायला मजुरी लागते आणि घरमालकाला भिंत बाहेरून देखणी दिसली की पुरतं. परंपरा म्हणजे आपोआप शहाणपण, असं म्हणणारे पठार स्थिर म्हणणाऱ्यांइतकेच चुकतात. उलट बाजूही पाहा. किल्लारीत कित्येक घरांच्या भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. म्हणजे सुताराच्या हातात जे उत्तर होतं ते गवंड्याच्या भिंतीत नव्हतं. दोघं एकाच घरावर काम करत होते. तेही शेजारीच.

कुणी म्हणेल, प्राध्यापक, मागून शहाणपण सांगणं सोपं असतं. मान्य. पण १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारीला धक्क्यांची मालिका जाणवली होती. तेव्हा सगळ्यांचा प्रश्न एकच होता, मोठा भूकंप येणार का? त्याचं उत्तर कुणापाशी नव्हतं आणि आजही खात्रीचं नाही. आमचं म्हणणं असं की प्रश्नच चुकीचा निवडला गेला. ‘भूकंप येणार का’ हा एका शास्त्राचा प्रश्न. ‘आला तर हे घर उभं राहील का’ हा पाचांचा प्रश्न, आणि त्याला भविष्य कळावं लागत नाही. माती उतरवायची, काही दगड आरपार घालायचे, भिंतींना पट्टा बांधायचा. हे काम हप्त्यांत होतं, गावातल्या हातांनी होतं.

शेजार आणि सहकार्य यांतला फरक आम्हाला इथं सापडतो. शेजारात पाच शास्त्रं पाच प्रश्न विचारतात आणि उत्तरं एका पुस्तकात बांधतात. सहकार्यात प्रश्नच एक असतो, आणि तो ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्याच्या बाजूनं विचारलेला असतो.

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. लोकांच्या मनात दगडाची धास्ती बसली आणि काँक्रीट म्हणजे सुरक्षित हा नवा समज रुजला. पण काँक्रीटही गवंड्याच्याच हातून जातं. सळई कुठं वाकवायची आणि कोपऱ्यात कशी अडकवायची हे त्याला कुणी सांगितलं नसेल, तर आपण एका अंधश्रद्धेतून दुसऱ्या अंधश्रद्धेत गेलो, इतकंच.

आज व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांचं गावाकडचं घर माळवदाचं असेल. आई-वडील अजून तिथं झोपत असतील. पुढच्या खेपेला गेलात की एक करा. छपरावर माती किती बोटं जाड आहे ते मोजा, आणि गवंड्याला बोलावून भिंतीत आरपार दगड आहेत का ते विचारा. तो जे सांगेल ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी आपण त्या नोंदींवरच बोलू.